तीस सेकंदांची ताकद : प्रस्तावना

१

हेलिकॉप्टरच्या इंजिनाची कमाल शक्ती किती, असे एखाद्या जाणत्या इंजिनिअरला विचारले तर तो आकडा सांगत नाही. ‘किती वेळ हवी?’ असे उलट विचारतो. तासन्‌तास चालवायचे असेल तर एक आकडा. उड्डाणाच्या वेळी पाच मिनिटांपुरता दुसरा, थोडा मोठा. जोडीचे इंजिन बंद पडले तर दोन किंवा अडीच मिनिटांसाठी तिसरा. आणि काही इंजिनांत त्याच्याही वर, फक्त तीस सेकंदांसाठी, चौथा. इंजिन तेच, इंधन तेच, बाहेरची हवाही तीच. बदलते ती मुदत, आणि त्या मुदतीत इंजिनाची किती झीज पत्करायची याचा निर्णय.

हे पुस्तक त्या निर्णयाविषयी आहे. तो कोण घेते, कशाच्या आधारावर घेते आणि प्रत्यक्ष संकटाच्या क्षणी तो इंधनाच्या झडपेपर्यंत कसा पोचतो, हे सांगण्याचा इथे प्रयत्न आहे.

या विषयावर दोन तक्रारी नेहमी ऐकू येतात आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट असतात. वैमानिक म्हणतात, नेमकी गरज होती तेव्हाच संगणकाने हात आखडता घेतला. देखभाल करणारे म्हणतात, अर्ध्या मिनिटापायी चांगले चालते इंजिन खोलावे लागले. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते. पण दोन्ही तक्रारींच्या तळाशी समज एकच असतो : मर्यादा हा धातूचा ठरलेला, न बदलणारा गुणधर्म आहे, आणि संगणक तो फक्त पाळतो किंवा मोडतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. धातूची शेवटची कुवत आणि तबकडीवरची लाल रेघ यांच्यामध्ये बरीच जागा असते. ती जागा किती ठेवायची, कोणत्या प्रसंगी किती वापरू द्यायची आणि वापरल्यावर भरपाई कशी करायची, हे माणसांनी जमिनीवर, शांतपणे बसून, कित्येक वर्षे आधी ठरवलेले असते. आणीबाणीत संगणक त्या ठरावाची अंमलबजावणी करतो, इतकेच.

२

मर्यादा येतात कोठून, हे आधी पाहू.

आजच्या बहुतेक हेलिकॉप्टरांत टर्बोशाफ्ट इंजिन असते. त्याच्या पुढच्या भागात कॉम्प्रेसर हवा दाबतो, ज्वलनकक्षात इंधन जळते आणि त्या तप्त वायूंवर फिरणारी टर्बाइन कॉम्प्रेसरलाच फिरवत राहते. या भागाला गॅस जनरेटर म्हणतात. उरलेली ऊर्जा घेऊन वायू मागच्या, स्वतंत्र दांड्यावरच्या पॉवर टर्बाइनवर येतात आणि ती गिअरबॉक्समार्फत रोटर फिरवते. अमेरिकी ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरातील टी-७०० इंजिनात, शंभर टक्के वेगाला, गॅस जनरेटर मिनिटाला ४४,७०० फेरे घेतो, पॉवर टर्बाइन २०,९०० आणि डोक्यावरचा रोटर अवघे २५८. एवढा वेग उतरवताना पीळ, म्हणजे टॉर्क, त्याच प्रमाणात वाढतो आणि तो सगळा गिअरच्या दातांवर येतो. पहिली मर्यादा इथली, टॉर्कची. ती इंजिनाची नसून गिअरबॉक्सची असते.

दुसरी मर्यादा तापमानाची. टर्बाइनची पाती निकेलच्या मिश्रधातूंची असतात. तप्त अवस्थेत, प्रचंड केंद्रोत्सारी ओढीखाली, ती हळूहळू लांबत जातात. याला क्रीप म्हणतात. हे लांबणे परत आखडत नाही. त्याची बेरीज होत राहते. १९५२ साली लार्सन आणि मिलर या अमेरिकी अभियंत्यांनी तापमान आणि काळ यांना एकाच सूत्रात बांधले. कमी तापमानाला हजारो तासांत होणारी झीज जास्त तापमानाला काही मिनिटांत होऊ शकते, आणि ती किती मिनिटांत होईल याचा अंदाज त्या सूत्रावरून बांधता येतो. ढोबळ मानाने पात्याचे तापमान दहा-पंधरा अंशांनी वाढले तर त्याचे क्रीपपुरते आयुष्य निम्म्यावर येते. तीस सेकंदांच्या शक्तीला मुदत का, याचे मूळ उत्तर या सूत्रात आहे.

तिसरी मर्यादा गॅस जनरेटरच्या वेगाची. फिरणाऱ्या चकत्यांवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे शेवटचे दोन-तीन टक्केसुद्धा स्वस्त नसतात.

तिघींपैकी आधी कोणती आडवी येते, हे हवेवर ठरते. जुहूसारख्या समुद्रसपाटीच्या तळावर थंडीच्या पहाटे हवा दाट असते. तिथे इंजिन दमण्याआधी गिअरबॉक्सचा टॉर्क भरतो. लेहच्या विमानतळाची उंची दहा हजार फुटांहून अधिक आहे. तिथे विरळ हवेत तेवढीच शक्ती काढायला इंजिन जास्त तापवावे आणि जास्त फिरवावे लागते, म्हणून तापमान किंवा गॅस जनरेटरचा वेग आधी लाल रेघ गाठतो. एकाच हेलिकॉप्टरचा वैमानिक सकाळी एका मर्यादेशी आणि दुपारी दुसऱ्या मर्यादेशी झगडत असतो. म्हणूनच युरोपीय हेलिकॉप्टरांत एकच तबकडी आली, जी तिन्ही मोजमापांपैकी मर्यादेच्या सर्वांत जवळ असलेले दाखवते.

आपल्याकडच्या चीता हेलिकॉप्टरात हा विचार जुन्या पद्धतीने दिसतो. चीता म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने परवान्यावर बांधलेले फ्रेंच लामा. त्याचे आर्तूस्त-३बी इंजिन ८७० अश्वशक्तीचे, पण ते ५५० वरच रोखलेले असते. समुद्रसपाटीला ही उधळपट्टी वाटेल. सियाचिनसारख्या ठिकाणी हवा विरळ होत गेली की इंजिनाची खरी कुवत घटत जाते; तेव्हा आधी न वापरलेली ती अश्वशक्ती कामाला येते आणि वैमानिकाला ठरलेली शक्ती बऱ्याच उंचीपर्यंत मिळत राहते. या हेलिकॉप्टरात शक्ती रोखणारा संगणक नाही. उंची आणि तापमान पाहून कलेक्टिव्ह, म्हणजे रोटरच्या पात्यांचा कोन बदलणारा दांडा, किती वर घ्यायचा हे तक्त्यावरून काढायचे आणि आपल्या हाताने पाळायचे. नाशिकच्या गांधीनगरमधील लष्कराच्या हवाई प्रशिक्षण संस्थेत चेतक-चीतावर शिकलेल्या वैमानिकांच्या पिढ्यांनी मर्यादा पाळल्या त्या अशा, स्वतःच लिमिटर, म्हणजे मर्यादेचे रखवालदार, होऊन.

३

आता नियंत्रणाकडे येऊ. हेलिकॉप्टरात वैमानिक इंजिनाला थेट ‘एवढी शक्ती दे’ असे सांगत नाही. डाव्या हाताशी कलेक्टिव्ह नावाचा दांडा असतो. तो उचलला की रोटरच्या सगळ्या पात्यांचा कोन एकदम वाढतो; उचल वाढते आणि हवेचा अवरोधही वाढतो. अवरोधामुळे रोटर मंदावू पाहतो. मंदावलेले फेरे गव्हर्नरच्या लक्षात येतात, तो इंधन वाढवतो आणि फेरे पुन्हा जागेवर आणतो. फिरत्या गोळ्यांवरून वेग ओळखणारा गव्हर्नर जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनावर बसवला. हेलिकॉप्टरांच्या जुन्या इंधन-नियंत्रकांत तेच तत्त्व फिरत्या वजनांच्या, हवेच्या नळ्यांच्या आणि धातूच्या भात्यांच्या रूपात होते. फेरे पडेपर्यंत थांबण्यात वेळ जातो म्हणून कलेक्टिव्हची हालचाल इंधन-नियंत्रकाला आधीच कळवणारी जोडणीही असते. आज हे सारे काम मुख्यतः फेडेक करते. पूर्ण अधिकार असलेली डिजिटल इंजिन-नियंत्रण प्रणाली, असा तिचा अर्थ. सेकंदात कित्येक वेळा तापमान, वेग, टॉर्क, हवेचा दाब मोजून ती इंधन ठरवते.

गव्हर्नर फेरे टिकवू पाहतो आणि लिमिटर इंजिन वाचवू पाहतो. नेहमीच्या उड्डाणात दोघांचा झगडा होत नाही. आणीबाणीत होतो. मर्यादा आली की लिमिटर इंधन वाढू देत नाही, आणि त्याच वेळी वैमानिक कलेक्टिव्ह उचलत राहिला तर वाढलेला भार भागवायला इंजिनाकडे काही उरत नाही. तूट भरली जाते रोटरच्या फिरण्यात साठलेल्या ऊर्जेतून. फेरे पडू लागतात.

इथे भौतिकशास्त्र निर्दय आहे. उचल फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात असते. फेरे दहा टक्क्यांनी पडले तर तोच कोन ठेवून उचल सुमारे ८१ टक्क्यांवर येते. ती भरून काढायला वैमानिक आणखी कोन वाढवतो, अवरोध आणखी वाढतो, फेरे आणखी पडतात. पात्यांना ताठ ठेवणारी केंद्रोत्सारी ओढही त्याबरोबर कमी होते आणि पाती वर वाकू लागतात. एका टप्प्याखाली फेरे गेले की ते परत मिळवता येत नाहीत.

या पुस्तकाचा गाभा मला इथे वाटतो. फेडेक इंजिनाला मर्यादेवर थोपवून धरते, पण कलेक्टिव्ह धरून ठेवणारे तिच्यापाशी काही नाही. इंजिनाची मर्यादा संगणकाच्या ताब्यात आहे आणि रोटरची मर्यादा वैमानिकाच्या डाव्या हातात. लिमिटरने इंजिन वाचवले की उरलेला सगळा प्रश्न त्या हाताकडे येतो. हे ज्याने आधी मनात पक्के केलेले नसते, तो ‘शक्ती मिळाली नाही’ असे म्हणत कलेक्टिव्ह वरच ओढत राहतो.

४

दोन इंजिनांच्या हेलिकॉप्टरात एक बंद पडणे ही या विषयातली मुख्य आणीबाणी. दुसरे इंजिन शाबूत असले तरी धोका का, आणि मग तीस सेकंद पुरतात कसे, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच आलेखात आहे. हवेत एका जागी तरंगायला हेलिकॉप्टरला भरपूर शक्ती लागते. पुढे वेग घेतला की रोटरला ताजी हवा मिळत जाते आणि लागणारी शक्ती उतरत जाते. साठ-सत्तर नॉटच्या आसपास ती तरंगण्याच्या निम्म्यापर्यंत खाली येऊ शकते. त्याहून वेग वाढवला की ती पुन्हा चढते. म्हणजे एकाच इंजिनावर तरंगता येणार नाही असे जड हेलिकॉप्टर, वेग मिळाला की त्याच एका इंजिनावर सुखाने उडू शकते. अडचण आहे ती मधल्या पट्ट्याची. तो पट्टा ओलांडायला लागणारा वेळ मिनिटांत नाही, सेकंदांत मोजायचा असतो.

मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, मुंबई हायच्या तेलफलाटांवर, हा पट्टा रोज ओलांडला जातो. पवन हंसची हेलिकॉप्टरे १९८० च्या दशकापासून जुहूहून तिथे कामगारांची ने-आण करत आली आहेत. फलाटावरचा हेलिडेक लहान, चारी बाजूंना यंत्रे आणि खाली समुद्र. डेकवरून उचलून कडेबाहेर पडताना हेलिकॉप्टरला ना वेग असतो ना फारशी उंची. त्या काही सेकंदांत एक इंजिन गेले तर दुसऱ्याने नेहमीपेक्षा जास्त शक्ती देणे, हाच टिकून राहण्याचा मार्ग असतो. या मार्गावरच्या डॉफिन हेलिकॉप्टरांतच नियंत्रणाच्या दोन पिढ्या दिसतात : मूळच्या एन आवृत्तीत यांत्रिक इंधन-नियंत्रण असलेले एरिअल-१सी, आणि नंतरच्या एन-३ मध्ये डिजिटल नियंत्रणाचे एरिअल-२सी.

तीस सेकंद आणि दोन मिनिटांच्या शक्तीची नियमातली व्याख्या या गरजेतून आली. अमेरिकी नियमांत या दोन श्रेणी १९९० च्या दशकात आल्या. त्याआधी अडीच मिनिटांची आणि तीस मिनिटांची श्रेणी होतीच. नव्या व्याख्येनुसार एका उड्डाणात ही शक्ती जास्तीत जास्त तीन वेळा वापरता येते. दर वेळी तीस सेकंदांहून, किंवा दुसऱ्या श्रेणीत दोन मिनिटांहून, अधिक नाही. वापरल्यानंतर तपासणी आणि ठरवून दिलेली देखभाल सक्तीची. अडीनडीला मोडायची ठेव असते तशी ही शक्ती आहे : मोडता येते, पण मोडल्याची नोंद होते आणि नंतर भरणा चुकत नाही.

नियमांची रचना पाहिली की त्यामागचा विचार आणखी स्पष्ट होतो. इंजिन गेल्यावर पहिली तीस सेकंदे फेरे आणि उंची राखण्यासाठी, वेग पकडण्यासाठी. पण जमिनीपासून दोनशे फुटांवर मिनिटाला किमान शंभर फूट चढ मिळतो, हे दाखवताना उत्पादकाला तीस सेकंदांची शक्ती हिशेबात धरता येत नाही. तिथे दोन मिनिटांचीच चालते. पुढे हजार फुटांवर मिनिटाला दीडशे फुटांचा चढ दाखवायचा तो त्याहून सौम्य, दीर्घकाळ चालणाऱ्या शक्तीवर. पायरीपायरीने इंजिनाला परत शांत अवस्थेत आणून घरी पोचवायचे, अशी ही आखणी आहे. कागदावरच्या कामगिरीत सर्वांत महागडी शक्ती गृहीत धरून वजन वाढवण्याचा मोह नियमानेच तोडला.

प्रमाणपत्रासाठी घेतली जाणारी चाचणीही तशीच बोलकी आहे. नेहमीची टिकाऊपणाची चाचणी झाल्यावर तेच इंजिन या आणीबाणीच्या श्रेणींवर पुन्हा पुन्हा, एकूण दोन तास चालवले जाते. नंतर ते सुटे करून पाहतात. या चाचणीनंतर इंजिनाचे भाग पुन्हा वापरण्याजोगे राहिले नाहीत तरी चालते. त्यांची रचना मात्र शाबूत असली पाहिजे. पाती लांबली तर हरकत नाही, तुटता कामा नयेत. माणसांना घरी आणताना इंजिन संपले तर संपू दे, असे इतक्या स्वच्छपणे मान्य करणारे नियम यंत्रांच्या जगात थोडे.

तीस सेकंदांच्या श्रेणीला आणखी एक अट आहे. ही शक्ती आपोआप उपलब्ध झाली पाहिजे आणि आपोआप मर्यादेत राहिली पाहिजे. वैमानिकाने बटण शोधायचे, मग तबकडी पाहत हाताने इंधन सांभाळायचे, हे तिथे चालत नाही. कारण उघड आहे. ज्या अर्ध्या मिनिटासाठी ही शक्ती आहे, ते अर्धे मिनिट त्याच्या डोळ्यांना बाहेर आणि हाताला कलेक्टिव्हवर हवे असते.

५

ही स्वयंचलित सोय कशी चालते, याचे चांगले उदाहरण म्हणजे ब्लॅक हॉकच्या यूएच-६०एल आवृत्तीतले टी-७००-७०१सी इंजिन. याच घराण्यातली इंजिने भारतीय नौदलाच्या एमएच-६०आर आणि हवाई दलाच्या अपाची हेलिकॉप्टरांतही आहेत. दोन्ही इंजिने चालू असताना त्याचा डिजिटल नियंत्रक टर्बाइनमधल्या वायूचे तापमान सुमारे ८६६ अंश सेल्सिअसला रोखतो. एका इंजिनाचा टॉर्क ५० टक्क्यांखाली गेला की दुसऱ्याचा नियंत्रक, कुणी काही न करता, ती रेघ सुमारे ८९१ अंशांवर नेतो. पंचवीस अंशांची ही सवलत अडीच मिनिटांसाठी. क्रीपचा हिशेब आठवला तर हे पंचवीस अंश किती मोलाचे, ते कळते.

त्याच प्रणालीत मला विशेष आवडणारी एक गोष्ट आहे. दोन्ही इंजिनांनी भार सारखा वाटून घ्यावा म्हणून त्यांचे टॉर्क जुळवले जातात. पण जुळवताना मागे पडलेल्याला वर आणले जाते. पुढे असलेल्याला कधीच खाली ओढले जात नाही. हे उलट असते तर एक इंजिन ढासळू लागताच दुसरेही त्याच्यामागे उतरले असते. आणीबाणीचा विचार रोजच्या कामाच्या नियमात असा आधीच मुरलेला असतो.

अशीच एक तरतूद अतिवेगाच्या संरक्षणात आहे. दांडा तुटला किंवा नियंत्रण सुटले तर पॉवर टर्बाइन क्षणात बेफाम होते, म्हणून ठरावीक वेगाला इंधन तोडणारी स्वतंत्र यंत्रणा असते. पण तिने दोन्ही इंजिने तोडली तर? फ्रेंच जोड-इंजिनांत एका इंजिनावर ही यंत्रणा चालून गेली की दुसऱ्यावरची आपोआप निकामी केली जाते. शेवटच्या चालू इंजिनाचे रक्षण करण्यासाठी ते बंद करायचे नाही, एवढा शहाणपणा तारांच्या जोडणीत घातलेला असतो.

६

इथवर वाचून सगळे संगणकावर सोपवावे असे वाटेल. पुस्तकाचा उत्तरार्ध त्या समजाला लगाम घालतो.

लिमिटरचे क्षेत्र मर्यादित आहे. टी-७०० चा तापमान-लिमिटर इंजिन सुरू करतानाच्या अतितापापासून किंवा कॉम्प्रेसर अडखळल्यामुळे होणाऱ्या अतितापापासून वाचवत नाही. नियंत्रकच बिघडून इंजिन मंद पडले तर वैमानिक शक्तीचा दांडा पुढे ढकलून नियंत्रकाला बाजूला सारू शकतो; त्या अवस्थेला लॉकआउट म्हणतात. तेव्हा इंधन पूर्णपणे त्याच्या हातात येते आणि तापमानाचा लिमिटरही त्याबरोबर जातो. अतिवेगाचे संरक्षण तेवढे शिल्लक राहते. स्वातंत्र्य हवे असेल तर पहाराही आपणच द्यायचा, असा तो करार आहे.

निदान करण्याचे कामही अजून बव्हंशी माणसाचेच. समजा, एका इंजिनाचे नियंत्रण बिघडून त्यात इंधन वाढत गेले. रोटरचे फेरे वाढतात. दुसऱ्या, धडधाकट इंजिनाचा गव्हर्नर ते पाहून आपले इंधन कमी करतो. तबकड्यांवर एकाचा टॉर्क चढलेला दिसतो, दुसऱ्याचा पडलेला. घाईत पाहणाऱ्याला पडलेले इंजिन आजारी वाटते. खरे तर तेच निरोगी असते. फेरे वाढत आहेत की घटत आहेत, हे आधी पाहिले तर गुंता सुटतो. चुकीच्या इंजिनाला हात घातला तर साधा बिघाड जीवघेणा ठरतो.

आणि संगणकावरचा विश्वास कमवावा लागतो. म्हणूनच ब्रिटिश हवाई दलाच्या चिनूक हेलिकॉप्टरची कथा या पुस्तकात सविस्तर आली आहे. १९८९ मध्ये अमेरिकेत, डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन येथे, फेडेकच्या जमिनीवरील चाचणीत इंजिनाचा वेग बेफाम वाढून एका चिनूकचे मोठे नुकसान झाले. पुढे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या ईडीएस-सायकॉन कंपनीला आज्ञावलीच्या सुमारे १८ टक्के भागातच ४८५ विसंगती सापडल्या. बॉस्कोम डाउनचे ब्रिटिश सैनिकी विमानांचे चाचणी केंद्रही या आज्ञावलीबद्दल समाधानी नव्हते. २ जून १९९४ रोजी झेडडी-५७६ हे चिनूक स्कॉटलंडमधील मल ऑफ किन्टायर येथे डोंगरावर आदळले आणि २९ जण गेले. दोन्ही मृत वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला गेला. लॉर्ड फिलिप यांच्या फेरआढाव्यानंतर २०११ मध्ये तो काढून टाकण्यात आला. फेडेकमुळे हा अपघात झाला, असे सिद्ध झालेले नाही आणि या पुस्तकाचा तसा दावाही नाही. धडा वेगळा आहे. मर्यादा ठरवण्याचा अधिकार आज्ञावलीकडे गेला की त्या आज्ञावलीबद्दलची शंका टेबलावर न मिटवता उड्डाणात नेणे कुणाच्याही हिताचे नसते, आणि नंतर दोष कुणाचा हे ठरवणेही अवघड होऊन बसते.

७

तीस सेकंद संपल्यावर काय होते, या भागाकडे वाचकांचे सहसा दुर्लक्ष होते. नियमानुसार या शक्तीचा वापर सुरू झाल्याची आणि मुदत संपल्याची सूचना वैमानिकाला मिळावी लागते, आणि किती वेळा, किती वेळ वापरली याची नोंद आपोआप व्हावी लागते. ही मोजणी माणसाच्या आठवणीवर सोडलेली नाही, कारण अशा प्रसंगातून उतरलेल्या माणसाची आठवण सेकंद मोजण्याच्या कामाची नसते. तळावर आल्यावर देखभाल अभियंता ती नोंद वाचतो आणि उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे पुढचे ठरवतो : बोअरस्कोपने आत पाहायचे, भाग बदलायचे, की इंजिनच उतरवायचे.

सराव करताना मात्र ही झीज परवडत नाही. त्यासाठी प्रशिक्षण-अवस्था असते. तीत दोन्ही इंजिने प्रत्यक्षात चालूच असतात. संगणक शक्ती अशा बेताने कमी करतो की वैमानिकाला एक इंजिन गेल्यासारखेच वाटावे, आणि हलक्या वजनावर, खालच्या मर्यादांवर तोच अनुभव यावा. सरावात खरेच एखादे इंजिन बंद पडले तर उरलेल्याची पूर्ण शक्ती लगेच मोकळी होते. डाव्या हाताला जे शिकायचे आहे ते असे, पाती न लांबवता शिकता येते. माझे मत असे, की या सरावात चढ किती मिळाला यापेक्षा फेरे किती टिकले याला जास्त गुण द्यावेत.

८

आता पुस्तकाच्या मांडणीविषयी. पहिली तीन प्रकरणे इंजिन, गिअरबॉक्स आणि रोटर यांची. त्यांत सूत्रे आहेत, पण शाळेतल्या गणितापलीकडची नाहीत. चौथे यांत्रिक नियंत्रकांचे, पाचवे फेडेकचे. सहाव्यात इंजिन बंद पडल्यापासूनचे पहिले अर्धे मिनिट सेकंदागणिक उलगडले आहे. सातवे नियमांचे, आठवे बिघाडांचे आणि अपघात-चौकशांचे, नववे देखभालीचे. देखभालीचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आणि वैमानिक होऊ पाहणारी मुले-मुली डोळ्यांपुढे ठेवून हे पुस्तक लिहिले आहे. तरी तेलफलाटावर जाण्यासाठी रोज या यंत्रात बसणाऱ्या माणसालाही सहावे प्रकरण वाचता यावे, अशी काळजी घेतली आहे. टॉर्क, फेडेक, कलेक्टिव्ह, गव्हर्नर हे शब्द तळावर जसे बोलले जातात तसेच ठेवले आहेत.

वाचताना एक सवय लावून घ्यावी. कोणतीही मर्यादा समोर आली की तीन प्रश्न विचारावेत. ही कोणत्या भागाला वाचवते? किती वेळासाठी? आणि ओलांडली तर कोण भरणार : गिअरचे दात, टर्बाइनची पाती, की रोटरचे फेरे? पहिल्या दोघांची भरपाई कार्यशाळेत होते. तिसऱ्याची होत नाही. आणीबाणीतले सगळे शहाणपण या क्रमवारीवर उभे आहे.

शेवटी एक सूचना. या पुस्तकातले आकडे तत्त्व समजावे म्हणून दिले आहेत. मर्यादा मॉडेलप्रमाणे बदलतात, इंजिनात सुधारणा झाली की बदलतात, सेवेतला अनुभव वाढला की पुन्हा ठरवल्या जातात. माणसांनी ठरवलेल्या गोष्टी माणसे बदलू शकतात, आणि तसे बदलायचे असेल तर ते चाचणीमंचावर आणि नियमांच्या बैठकीत बदलावे. हेलिकॉप्टरच्या पुस्तिकेतला आकडा आणि इथला आकडा जुळला नाही तर पुस्तिकाच खरी मानावी. जमिनीवर तिच्याशी वाद घालावा, जरूर घालावा. उड्डाणाच्या दिवशी तिच्यात जे छापले आहे तेच पाळावे.